आईच्या आंघोळीचा पंप

१

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा लोकांना उगाच हेवा वाटतो. वारा छान, उजेड भरपूर, डोक्यावर कुणाची धडधड नाही. पण तिथल्या नळाला पाणी किती बारीक येतं ते राहायला गेल्यावरच कळतं. धाकटीला ते चांगलंच कळलं होतं. शॉवर उघडला की आधी नळीतून नुसता सुस्कारा यायचा, मग करंगळीएवढी धार भिंतीला धरून खाली घसरायची. एकटीचा प्रश्न असता तर तिनं चालवून घेतलं असतं. प्रश्न आईचा होता.

आईची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणंही गेलं होतं. "हं", "पुरे", "धाकटे" एवढंच काय ते उरलं होतं. धाकटी तिला रोज सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची. साबण लावून व्हायचा आणि धुवायला पाणी पुरायचं नाही. फेस अंगावर तसाच, आणि आई कुडकुडतेय. छातीत गारठा बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मागे एकदा तो बसला, आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तेव्हापासून थोरल्या भावाच्या तोंडी एकच विषय होता.

"तुझ्याच्यानं होत नाहीये गं," तो फोनवर म्हणायचा. तो काही वाईट माणूस नव्हता. "म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या सेंटरमध्ये दिवसरात्र माणसं असतात. तू एकटी, त्यात तुझी कंबर ही अशी."

"माझी कंबर माझ्यापाशी राहू दे," धाकटी म्हणायची. "आईला मी कुणाच्या हाती देणार नाही."

पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही. रफू करायची. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि पडलेलं भोक असं विणून टाकायचं, की ते कुठं होतं हे मालकालाही सापडू नये. खालचा लॉन्ड्रीवाला कपडे वर पाठवायचा. खिडकीपाशी बसून काम होतं आणि एक कान आईच्या खोलीकडे ठेवता येतो, म्हणून तिनं हेच धरून ठेवलं होतं. आईवाचून तिला दुसरं कुणी नव्हतं. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही, पण होतं ते असं होतं.

२

प्लंबर बोलका निघाला. आल्या आल्या त्यानं शॉवर उघडला, धार बघितली आणि हसला.

"टाकी तुमच्या छतालाच टेकलीये बाई. पाणी वरून पडायला उंचीच नाही, तर जोर कुठून आणणार बिचारं? तळमजल्यावर जाऊन बघा, नळ उघडला की माणूस न्हाऊन निघतो."

त्यानं शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवली, भोकांतला पांढरा क्षार टाचणीनं टोकरला. कमोडच्या मागे एक व्हॉल्व्ह अर्धाच उघडा होता, तो पूर्ण उघडला. धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली, पण तेवढीच.

"औषधं संपली," तो म्हणाला. "आता ऑपरेशन."

म्हणजे पंप. तांब्याएवढा, निळ्या रंगाचा. थोरल्यानं कुरकुर न करता पैसे पाठवले. हे शेवटचं, यानंही जमलं नाही तर तू माझं ऐकायचं, असंही सांगून टाकलं. बाथरूमच्या बाहेर, बोळातल्या भिंतीवर प्लंबरनं तो बसवला.

"तुम्ही काही करायचं नाही. आत नळ उघडला की हा चालू, बंद केला की बंद. पाणी वाहायला लागलं की याला आपोआप कळतं. माणूस एक वेळ विसरेल, हा नाही विसरायचा."

दुसऱ्या दिवशीची आंघोळ धाकटी कधी विसरली नाही. शॉवर उघडला, बाहेर पंपानं घूं केलं, आणि पाणी असं कोसळलं की दोघी दचकल्या. फेस बघता बघता वाहून गेला. आईनं तोंड वर केलं, डोळे मिटले आणि ती हसली. उजवीकडचा ओठ वाकडाच राहिला, पण हसली. धाकटीला रडू आलं, तेही त्याच पाण्यात वाहून गेलं.

३

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी, आईची आंघोळ उरकली होती, ती पलंगावर झोपली होती, आणि धाकटी खिडकीपाशी कुणाच्या तरी कोटाची बाही घेऊन बसली होती. बोळात पंप चालू झाला.

थोडा वेळ चालला, थांबला. परत चालला, थांबला.

तिनं सुई टोचून ठेवली आणि उठून सगळे नळ तपासले. स्वयंपाकघरातला घट्ट, बेसिनचा घट्ट, शॉवरही घट्ट. पंप तोवर गप्प झाला होता. गळती असणार, तिनं मनाशी म्हटलं. नवीन सांधे आहेत, बसायला वेळ लागत असेल. पण दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला तो पुन्हा लागला, तिसऱ्या दिवशीही. गळतीला कसली आलीये वेळ? तरी ती गळतीलाच धरून बसली, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

प्लंबर आला. त्यानं स्वयंपाकघराची लाईन बंद केली, पंप लागलाच. बेसिनची बंद केली, तरी लागला. बाथरूमची बंद केली तेव्हा कुठं तो गप्प राहिला.

"हितंच आहे काय ते," तो म्हणाला. त्यानं लाईन परत उघडली, बाथरूमची फरशी फडक्यानं कोरडी पुसली, जुन्या वर्तमानपत्रांनी सगळी झाकली, आईची खुर्ची मधोमध होती तशीच ठेवली आणि दार ओढून घेतलं. "आता कुठून ठिबकतंय ते कागदच सांगेल. चहा टाका बाई."

दोघं स्वयंपाकघरात चहा पीत बसले. तो त्याच्या मेहुण्याची कसलीशी गंमत सांगत होता. पंप लागला. थोडा वेळ चालला, थांबला. मग बराच वेळ काही नाही. मग लांबलचक चालला. प्लंबर बोलता बोलता थांबला होता. धाकटीच्याही लक्षात आलं, पण तिला ते मनात धरवेना. आधी अंग भिजवायचं, मग साबण लावेपर्यंत पाणी बंद, मग फेस जाईपर्यंत भरपूर. गळकी नळी अशी थांबत नाही.

आवाज बंद झाला तसा प्लंबर उठला आणि त्यानं दार ढकललं. कागद सगळे भिजून फरशीला चिकटले होते. फक्त खुर्चीच्या समोर दोन ठिकाणी ते कोरडे राहिले होते. माणसाच्या पावलांएवढे, शेजारी शेजारी, खुर्चीकडे तोंड करून उभं राहावं तसे.

प्लंबरनं घाईघाईनं कागद गोळा केले, त्यांचा बोळा केला आणि पिशवीत कोंबला.

"पंपाचा प्लग काढून ठेवत जा," तो म्हणाला. "लागेल तेव्हाच लावा." एवढं बोलून तो गेला. चहा तसाच राहिला.

४

प्लग काढल्यावर पंप गप्प बसला. आंघोळीपुरता लावायचा, लगेच काढायचा. असं करत चाललं होतं, आणि धाकटीनं त्या कागदांचा विचार करायचं सोडून दिलं होतं. ओल काय, कशीही पसरते.

मग आईचं पोट बिघडलं. चादरी बदलून बदलून धाकटीचे हात सोलले, आणि एका सकाळी आईला उठवताना तिच्या कमरेत अशी कळ आली की ती पलंगाची कड धरून तशीच वाकून राहिली. नेमका त्याच दिवशी थोरला जेवायला येणार होता. जेवायला कसला, बघायला. आई अंथरुणात घाणीत पडलेली, केस विस्कटलेले, आणि धाकटी सरळ उभी राहू शकत नाही. हे त्यानं बघितलं असतं तर पुढं बोलण्यासारखं काही उरलंच नसतं.

भिंत धरत धरत ती बोळात गेली आणि तिनं प्लग लावला. आत जाऊन नळ उघडण्याआधीच पंप लागला. दाराआड पाणी पडत होतं, मोठ्या जोरानं, जणू कुणी वाटच बघत होतं. धाकटी घाबरली नाही. घाबरायलाही अंगात काही लागतं. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि चिडून, थकून, थोडंसं हसूनच म्हटलं,

"एवढी हौस आहे ना, मग आज तूच घाल."

स्वयंपाकघरात जाऊन ती खुर्चीवर टेकली. चहाचं पाणी ठेवायचं होतं. डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली ती दारावरच्या बेलनं. ती धडपडत उठली. बोळात पंप बंद होता. हॉलमध्ये खिडकीपाशी, धाकटीच्या रफूच्या खुर्चीवर, आई बसली होती. न्हायलेली. केस विंचरून मधोमध भांग पाडलेला, धुतलेला गाऊन, त्याची बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेली. कुणी धरल्याशिवाय जिला उठता येत नव्हतं ती आई, तोंड उन्हाकडे करून बसली होती. पलंगावरची चादरही बदललेली होती.

"वा," थोरला दारातूनच म्हणाला. त्यानं आईपाशी जाऊन तिच्या गालाला हात लावला. "किती छान ठेवलंयस गं तिला. मी उगाच तुझ्यामागे लागत होतो."

धाकटीनं तोंड उघडलं. काय सांगणार होती ती? आणि सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता, हेही तिला दिसत होतं. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, दोघींनाही हलवायला हवं.

"करते जमेल तसं," ती म्हणाली. थोरल्यानं त्या दिवशी सेंटरचं नावही काढलं नाही.

५

खोटं कशाला बोला, दुसऱ्या सकाळी तिनं प्लग लावला तो जाणूनबुजून लावला. लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मग रोजच तसं व्हायला लागलं. ती बघायला गेली नाही. पाण्याचा आवाज ऐकायची, मधेच आईचं हसणं ऐकू यायचं. सगळं शांत झालं की ती हॉलमध्ये जायची, तर आई खुर्चीवर तयार बसलेली. पडून पडून आईच्या पाठीला झालेली जखम भरून आली. डॉक्टरांनी धाकटीचं कौतुक केलं. कमरेलाही आराम पडला. असं सगळं छान चाललेलं असताना तक्रार करायची तरी कोणाकडे?

पण आई तिच्या हातानं जेवेनाशी झाली. घास पुढं केला की मान फिरवायची. धाकटीनं अंगाला हात लावला की अंग चोरायची. एकदा केस सारखे करायला गेली तर आईनं डाव्या हातानं तिचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "ती."

"कोण ती, आई?"

आई बाथरूमच्या दाराकडे बघत राहिली.

हळूहळू एक आंघोळ पुरेना. धाकटी प्लग काढायला जायची तर पंप चालूच असायचा. चालू पंपाला हात लावायचा तिला धीर व्हायचा नाही. दुपारी पंप, संध्याकाळी पंप. आईची बोटं सदा भिजून सुरकुतलेली असायची, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र जात चालल्या होत्या. कपाळावरच्या रेघा गेल्या. हनुवटीवरचा जुना व्रण गेला. मानेवरचा तीळ आधी फिका झाला, मग दिसेनासा झाला. "आजी काय तजेलदार दिसताहेत," लॉन्ड्रीवाला म्हणाला. तो रोज कपडे धुणारा माणूस, त्याच्याही ध्यानात आलं नाही.

धाकटीच्या आलं. एका दुपारी खिडकीतलं ऊन आईच्या हातावर पडलं होतं, आणि धाकटीला त्या हाताखालचा खुर्चीचा दांडा दिसला. अंधुक, पण दिसला. असं कापड तिच्याकडे कधीमधी यायचं. आवडीचं म्हणून पुन्हा पुन्हा धुतलेलं. वरून अगदी मऊ, स्वच्छ लागतं, पण उजेडाकडे धरलं की आरपार दिसतं. असं कापड ती परत पाठवायची. त्यात सुई घालायला जागाच नसते, ओढलं की टरकन फाटतं.

आई धुऊन धुऊन झिजत चालली होती.

६

प्लंबर यायला तयार नव्हता. तिनं फोनवर अक्षरशः हातापाया पडून त्याला बोलावलं. आला तो थेट बोळात गेला. पंप काढला, नळी सरळ जोडून टाकली, भिंतीत स्क्रूची भोकं तेवढी राहिली. पंप फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला.

"पैसे नकोत," तो जाताना दारात म्हणाला. "पुन्हा मात्र मला बोलवू नका, बाई."

शॉवरला पहिल्यासारखी धार आली, भिंतीला धरून घसरणारी. धाकटीनं बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी घातली. स्वयंपाकघरात पाणी गरम केलं आणि बादली उचलत, टेकवत आईच्या खोलीत नेली. कंबर ठणकत होती. ठणकू दे, तिनं म्हटलं. टॉवेल बुडवून पिळला आणि पलंगावरच आईचं अंग पुसायला घेतलं. अगदी हळू पुसत होती, कारण हाताखाली काही लागल्यासारखंच लागत नव्हतं.

आई रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी गळत होतं, आणि धाकटीचा हात येईल तिथून ती अंग काढून घेत होती.

"असं काय करतेस आई? मी आहे ना. मी धाकटी."

आईनं तिच्याकडे नीट बघितलं. दुखणं आल्यापासून इतकं नीट तिनं कुणाकडे बघितलं नव्हतं. आणि मग ती बोलली. शब्द अडखळला नाही, ओठ वाकडा झाला नाही.

"धाकटी आत आहे."

बोळात पंप लागला.

भिंतीवर पंप नव्हता. चार भोकांची भिंत तेवढी होती, तिच्यातून घूं असा आवाज येत होता, आणि दाराआड पाणी कोसळत होतं. आई उठून बसली. दोन्ही पाय खाली टेकले, लुळा आणि धड, आणि उभी राहिली. धाकटीनं तिचं मनगट धरलं. धरलं खरं, पण आवळता येईना. बोटांना कळत होतं, आणखी जरा ओढलं तर हे मनगट फाटेल. तशीच, नुसती बोटं टेकवून, ती आईच्या मागून बोळात गेली.

कडी काढलेली होती. दार थोडं उघडं होतं, फटीतून वाफ येत होती. त्या वाफेतून एक हात बाहेर आला. बाही कोपरापर्यंत सारलेली, तळवा वर केलेला. पोर घसरू नये म्हणून हात पुढं करतात ना, तसा. आग्रह नव्हता, घाई नव्हती. त्या हाताला तर्जनीच्या टोकावर सुईनं पडतो तसा घट्टा होता. धाकटीनं तो बघितला आणि पुढं बघितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मग मी?"

आईनं वळून तिच्या गालावरून हात फिरवला. हात लागला की नाही तेही कळलं नाही.

"तू दमलीस गं," आई म्हणाली. "बस जरा."

मनगट सुटलं. कुणी सोडलं ते धाकटीला पुढंही कधी नक्की सांगता आलं नसतं. पण त्या क्षणी तिला जे वाटलं ते तिला ठाऊक होतं. कमरेतली कळ गेली, खांदे खाली आले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली, पण पुढं होऊन दार ढकलण्याएवढी नाही. ती बोळातच खाली बसली. दार लागलं. पाणी पडत राहिलं. आधी थोडं, मग थांबलं, मग लांबलचक, खूप लांबलचक.

फोन वाजला तेव्हाही ते पडतच होतं. थोरला होता.

"काय गं, इतका वेळ फोन उचलत नाहीस? आई काय करतेय?"

"आंघोळीला गेलीये."

"अगं, मग तू बाहेर कशी? तिच्यापाशी कोण आहे?"

धाकटीनं दाराकडे बघितलं. आत आई हसत होती, आणि आईसोबत दुसरंही कुणी हसत होतं. तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता.

"धाकटी आहे," ती म्हणाली.